चाकामागचा कान

आमच्या नव्या गाडीत जॅक होता, पाना होता, स्टेपनी होती आणि एक पाट होता. पाट म्हणजे खराच, जेवायला बसायचा, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. गाडी थांबली की मी आधी उतरायचे, मागून पाट काढायचे, डाव्या बाजूच्या मागच्या दाराखाली ठेवायचे. मग आई एक हात दाराला आणि एक हात माझ्या खांद्याला लावून खाली यायची. चढताना हेच सगळं उलट्या क्रमाने. आजूबाजूचे लोक हातातलं काम सोडून बघायचे. मला कोणी बघितलेलं मुळात आवडत नाही, आणि त्या वर्षी मी जिथे तिथे पाट घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असायचे.

हे दोन हजार सालानंतरचं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्ध्यात आमचं बियाण्यांचं दुकान, घर बोरगाव मेघेला आणि वावर तिकडे गिरडच्या पुढे. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला धरली की सोडत नाही. आधीची छोटी गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून बाहेर काढायची पाळी आली, तेव्हा बाबांनी ठरवलं की आता उंच गाडी घ्यायची, चारही चाकं ओढणारी. गणपतीच्या आधी ती दारात आली. गल्लीतले सगळे तिच्या उंचीचं कौतुक करत होते. एवढ्या उंच गाडीत आई चढणार कशी, हे गाडी दारात उभी राहीपर्यंत कोणाच्या मनात आलं नव्हतं. आईचे गुडघे काही नवीन नव्हते. पण घरातल्या जुन्या दुखण्याचं असंच होतं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसत असतं आणि कोणी बघत नाही.

पाट हा बाबांचा तोडगा. पण आई पाटावर चप्पल घालून पाय द्यायला तयार नव्हती.

"ज्याच्यावर बसून माणसं जेवते, त्याच्यावर मी चप्पल देऊ?"

म्हणून ती रस्त्यावर चपला काढायची, पाटावर पाय द्यायची, वर चढायची. मी पाट उचलून मागे टाकायचे. गाडी निघायची. चपला तिथेच. एक जोड पेट्रोल पंपावर राहिला, एक समुद्रपूरला रसवंतीसमोर.

"चपला पेरत चालली का तू?" बाबा म्हणायचे. "उगवन तरी का त्या?"

मग प्लास्टिकचं स्टूल आणून झालं. त्याचा एक पाय आईच्या वजनाने बाहेर पसरला, आई ओरडली, आणि स्टूल न्हाणीघरात गेलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही नात्यातल्या एका घरी गेलो होतो. त्या दिवशी आई चढल्यावर पाट नेमका घरीच, फाटकाशी राहिला. पोचल्यावर बाबांनी तिला कसंतरी उतरवून घेतलं. निघताना मात्र अंगणात सगळ्या बायका उभ्या, आईच्या ओटीत तांदूळ आणि खण, आणि गाडीत आधीच चढून बसलेले काका. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दुकानात बाबांच्या जोडीला असतात, आणि कोणतंही काम त्यांना आपल्या हाताने झाल्याशिवाय पटत नाही.

"द्या हात वहिनी, त्यात काय!" असं म्हणून त्यांनी आईचं मनगट धरलं आणि वर ओढलं. खालून बाबांनी कोपर धरलं. आईच्या साडीच्या निऱ्या दाराच्या कडीत अडकून सुटल्या, ओटीतले तांदूळ मातीत सांडले. बायका हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या.

"चढलं बाप्पा एकदाचं पोतं!" काका म्हणाले. तेही हसत होते.

आई रस्ताभर ओटी घट्ट धरून बसली. घरी आल्यावर उरलेली ओटी देवापुढे ठेवून तिने बाबांना सांगितलं, "आता भाऊबीजेले मी तवाच येईन, जवा माह्या पायानं चढीन. नाई तर माह्या भावाले सांगजा, बहीण येत नाई म्हणून."

मामाचं गाव वावराच्याच वाटेवर. आईने आजवर एकही भाऊबीज चुकवलेली नव्हती, बाळंतपणातही नाही. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, इतकी ती गोष्ट गंभीर होती.

पोतं हा शब्द काकांनी परत कधी काढला नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते नागपूरला गेले आणि बसच्या टपावर बांधून दोन लांब चकचकीत पाइप घेऊन आले. पाइपांवर पाय ठेवायला काळं रबर. दोन्ही बाजूंना दारांखाली लावायचं पायदान. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पुरेल एवढं लांब.

"डिट्टो आपल्याच गाडीचं आहे," काका म्हणाले. "दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगतलं."

ते आमच्याच गाडीचं होतं, पण आधीच्या मॉडेलचं. हे छाती ठोकणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि काकांनी विचारलं नव्हतं.

नालवाडीला रस्त्याला लागून एका फिटरचं टिनाचं शेड होतं. आम्ही गाडी तिथे नेली. फिटर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं मान वर करूनच व्हायचं. तो गाडीखाली सरकला आणि थोड्या वेळाने खालूनच ओरडला.

"शेठ, पुढच्या चाकामागं कंपनीचा एक कान मधात येऊन राह्यला. पाइपाची पट्टी बसत नाई."

"कायचा कान?" बाबांनी विचारलं.

"असन काही तरी. ब्रॅकेट आहे. ग्राइंडर मारतो, दोन मिनिटाचं काम."

तो कान कसला आहे हे मला माहीत होतं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूमच्या माणसाने ते सांगितलं होतं. बाबा तेव्हा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होते, काका नारळ कुठे फोडायचा यावरून तिथल्या वॉचमनशी वाद घालत होते, आणि आई बाकावर बसून गुडघा चोळत होती. तो बिचारा हातातली चावी घेऊन कोणाला सांगावं ते शोधत होता. माझ्याकडे बघून त्याने इंग्रजीत सुरुवात केली, मी इंग्रजीत हो म्हटलं, आणि तो सुटला. दिव्यांपासून डिझेलच्या झाकणापर्यंत सगळं. त्यात वाकून त्याने चाकामागचं ते जाड, तिरपं लोखंड दाखवलं होतं. समोरून जोरात धडक बसली तर पुढचं चाक मागे सरकतं आणि चालवणाऱ्याच्या पायांवर येतं. ते तिथेच अडावं म्हणून कारखान्यातूनच हे लावून येतं, असं तो म्हणाला. मी बाबांच्या पायांकडे बघितलं होतं. तोवर फुटलेल्या नारळाच्या पाण्यात ते उभे होते.

"तो कापू नका," मी म्हणाले.

शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू होता. माझा आवाज कॉम्प्रेसरच्या जवळपासही पोचणारा नाही. मी बाबांच्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं. चाक, धडक, पाय, सगळं.

"अवं, धडक कायले बसते?" बाबा म्हणाले. "मी काय ट्रक चालवतो का?"

"मॅडमच्या कॉन्व्हेंटमध्ये गाडीही शिकवत होते वाटते," काका फिटरला म्हणाले. फिटर मान वर करून हसला.

मी म्हणाले, "कापलं तर वॉरंटी जाईल."

हे मी अंदाजानेच म्हटलं. पण बाबांचा चेहरा बदलला. बियाण्याच्या धंद्यात माणूस रोज कोणाला तरी हमी देत असतो. स्वतःला मिळालेली हमी त्याला देवाच्या खालोखाल. स्वतःचे पाय जातील याने बाबा हलले नव्हते. वॉरंटी म्हटल्यावर त्यांनी फिटरच्या हातावर हात ठेवला.

"कापू नको. काही अ‍ॅडजस्ट कर."

अ‍ॅडजस्ट या शब्दाने त्या महिन्यात माझं डोकं उठवलं. पहिल्यांदा अ‍ॅडजस्ट केलं ते बाहेरून. कानाच्या बाहेरच्या अंगाने लांब पट्ट्या देऊन पाइप बसवला. तो गाडीपासून इतका लांब गेला की बाबा उतरताना दर वेळी नडगी आपटून घ्यायचे. घराच्या फाटकातून गाडी आत घेताना खांबाचं प्लास्टर निघालं. शिवाय आईला त्यावर पाय देऊन दाराच्या आतल्या, वरच्या दांडीला हात पुरेना. मधे एवढं अंतर, की ती पाइपावर उभी राहून नुसतीच हवेत लोंबत असल्यासारखी दिसायची. ती मुकाट्याने खाली उतरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आण पाट."

दुसऱ्यांदा अ‍ॅडजस्ट केलं ते खालून. कानाच्या खालून पाइप नेला. आता तो आईच्या पायाला बरोबर येत होता, पण जमिनीलाही बरोबर येत होता. नालवाडीवरून घरी येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर असा काही आवाज झाला की पानठेल्यांवरची माणसं वाकून आमच्या गाडीखाली बघू लागली. मागे बसून मी ओढणीने तोंड झाकून घेतलं. वावराच्या वाटेवर ते टिकणं शक्यच नव्हतं, आणि गाडी तर वावरासाठीच घेतलेली. पाइप पुन्हा निघाले आणि अंगणात जांभळाखाली जाऊन पडले.

तेवढ्यात पितृपक्ष लागला.

"पक्षात नवी वस्तू लावाची नाई," काकांनी जाहीर केलं.

"वस्तू जुनीच झाली की आता," मी म्हणाले. "दोनदा लावून काढली."

"पाहा, कशी बोलते," काका आईला म्हणाले. "तसं तोंड उघडत नाई, अन् उघडलं की असं."

पक्ष संपेपर्यंत आई गाडीत बसली नाही. बाजारात चालत गेली, आणि जिथे चालणं होईना तिथे गेलीच नाही. मामाचा फोन आला की ती फक्त "पाहू" म्हणायची. बाबा दाराच्या आड उभे राहून ते ऐकायचे. काका तर रोज सकाळी जांभळाखाली जाऊन पाइप पुसायचे. त्यांच्या आणलेल्या वस्तूला गंज चढलेला त्यांना सहन होत नव्हता.

शेवटी दसऱ्याच्या आधी तेच म्हणाले, "वॉरंटी-वॉरंटी काय करता दादा? गाडीच्या खाली घुसून कोण पाहाले येते? कापून टाका अन् मोकळे व्हा. भाऊबीज आली."

बाबांनी खुंटीवरची गाडीची चावी घेतली. याचा अर्थ हो. या वेळी मापाला चुकायला नको म्हणून आईलाही बरोबर घेतलं. तिला पाटावरून चढवलं, चपला मी आठवणीने उचलल्या, आणि आम्ही पुन्हा त्या टिनाच्या शेडसमोर जाऊन उभे राहिलो.

फिटरने ग्राइंडरची वायर सोडवायला घेतली. काका खाली वाकून कुठून कापायचं ते खडूने आखत होते. बाबा जरा लांब, रस्त्याकडे तोंड करून उभे होते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर आपण बघितलं नाही असं म्हणता यावं. त्या तिघांना काय सांगायचं ते मी सांगून संपवलं होतं. मी मागच्या दाराच्या खिडकीशी गेले. आईशी बोलताना मला आवाज चढवावा लागत नाही.

"ते काय कापून राह्यले?" आईने विचारलं. इतक्या दिवसांत तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं, मीही नाही. तिच्यासमोर बाबांच्या अपघाताचं बोलणं मला अभद्र वाटत होतं. आता सांगितलं.

आईने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते काढलं, अन् उद्या काही झालं, तर चाक यांच्या पायावर येईन?"

"येऊ शकतं."

आईने काच पूर्ण खाली केली. "अहो! इकडे या जरा."

बाबा आले.

"ते कापू नका. मले नाई पाह्यजे पायदान. पाटच बरा आहे."

"अवं, तुह्यासाठीच तर करून राह्यलो सगळं!" बाबा एकदम चिडले. महिनाभराची आपटलेली नडगी त्यांच्या आवाजात आली. "भाऊबीजेले जाचं आहे ना तुले? मंग?"

"माह्यासाठी?" आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी पुढं कधी बसली ते सांगा. पुढं तुम्ही बसता, नाई तर भाऊजी बसते. मी या दारानं चढते. अन् तुमचं अडून राह्यलं ते तिकडे, पुढच्या चाकापाशी. मले तिकडचं काय कराचं आहे?"

काकांच्या हातातला खडू तसाच राहिला. फिटरने खर्रा थुंकला, बहुतेक नीट ऐकू यावं म्हणून.

मी रोज याच दाराखाली पाट ठेवत होते. बाबा रोज बघत होते. तरी आम्ही सगळे महिनाभर गाडीच्या पुढच्या टोकाशी डोकं आपटत होतो, कारण नागपूरहून आलेला पाइप तेवढा लांब होता. पाइप लांब आहे म्हणून गाडी कापायची! हे असं आमच्या घरातच होऊ शकतं.

"गाडी कायले कापता, पाइप कापा," आई म्हणाली. "माह्या दारापुरता ठेवा."

"अन् शोभा?" काका म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "अर्धाच पाइप? लोक काय म्हणतीन?"

"अर्धी मिशी काढल्यावानी दिसन शेठ," फिटर खूश होऊन म्हणाला.

"मी शोभेवर नाई चढत, भाऊजी," आई म्हणाली.

काकांनी खडू खिशात टाकला. बाबांनी पायदानाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मग फिटरला म्हणाले, "काप पाइप. दोन्ही बाजूनं सारखाच काप. एकाच बाजूले लावला तर गाडी लंगडी दिसन."

ग्राइंडर शेवटी चालला तो पाइपावर. कानाच्या मागे हातभर जागा सोडून फिटरने तो तोडला, कापलेल्या तोंडावर टोपण बसवलं, आणि गाडीच्या खालच्या चौकटीला आधीपासून असलेल्या भोकांमधूनच पट्ट्या आवळल्या. कानाला कशाचा स्पर्शही नव्हता. मी वाकून दोनदा बघितलं. काकांनी कापलेले तुकडे पोत्यात गुंडाळून घरी आणले. ते अजून कुठेतरी असतील.

फिटर म्हणाला, "चढून पाहा काकू." आई शेडमध्ये, चार लोकांसमोर चढून बघणाऱ्यातली नाही. "घरी पाहीन," म्हणून ती बसून राहिली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, म्हणून आई सवयीच्या पाटावरूनच उतरली. दुसऱ्या दिवशी दसरा. आणि दसऱ्याला आमच्याकडे जे जे लोखंडाचं आहे त्याची पूजा होते. तराजू, वजनं, फवारणीचा पंप, गाडी. सकाळी आई नैवेद्य करत होती तेव्हा काकांनी सगळी हौस भागवून घेतली. बॉनेटला झेंडूचं तोरण घातलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि नव्या पायदानावर, रबराच्या बरोबर मधोमध, हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वरून अक्षता.

आई हात पुसत बाहेर आली. तिने एक पाय उचलला आणि पायदानाच्या वर तसाच धरला. मग खाली ठेवला.

"याच्यावर पूजा केली," ती म्हणाली. "आता याच्यावर चप्पल कशी देऊ?"

बाबा पायरीवर खाली बसले. मी घरात निघून गेले, कारण मला हसू येत होतं की रडू, हे कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. काका म्हणत होते, "पुसून टाकतो ना वहिनी, दोन मिनिटं," आणि आई म्हणत होती, "पूजा केलेलं पुसते का कोणी?"

भाऊबीजेपर्यंत कुंकू धुळीने फिकट झालं होतं, पण आईसाठी ते तिथे होतंच. निघताना तिने फाटकाशी चपला काढल्या. मी सवयीने खांदा पुढे केला. तिने तो हलकेच बाजूला सारला. डावा पाय पायदानावर, हात वरच्या दांडीला, थोडा दम घेतला, आणि ती वर होती. साडीची एक निरी हलली नाही. दार तिने स्वतः ओढून घेतलं. बाबा आरशातून बघत होते. त्यांनी गाडी सुरू करायला नेहमीपेक्षा वेळ लावला.

समुद्रपूरच्या पुढे आईने पाय वर घेतले आणि खाली बघून म्हणाली, "अगबाई."

"राह्यल्या ना?" बाबा म्हणाले.

"फाटकापाशी."

मामाच्या अंगणात आई अनवाणीच उतरली, आपल्या पायाने. संध्याकाळी ओवाळून झाल्यावर सगळं घर तिला पोचवायला गाडीपर्यंत आलं. मामाने एका बाजूने हात पुढे केला, मामीने दुसऱ्या बाजूने, आणि आमच्याबरोबर आलेल्या काकांनीही सवयीने गाडीतून केला.

"सरका," आई म्हणाली. "मी चढते."

सगळे सरकले. मामीने दिलेल्या चपला तिने काढल्या, आणि ती चढली. गाडी निघाली, तशी मी ओरडले. या वेळी बाबांना पहिल्याच हाकेला ऐकू गेलं. मी उतरून अंगणाच्या मधोमध गेले, सगळ्यांच्या देखत त्या चपला उचलल्या आणि परत आले. पाट आता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून असतो. गाडी थांबली की अजूनही आधी मीच उतरते, फक्त आता चपला घेऊन.